कंडेन्सर पारखूनच घ्या



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात अकरावीच्या एका विद्यार्थ्याने घरी तयार केलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. आवाज सुरेख होता. तरीही आम्ही तो टेबलावरून उतरवायला लावला. मुलगा हिरमुसला, पालकही नाराज झाले. मुलाच्या मेहनतीची कदर केली नाही, असे आम्हाला ऐकावे लागले. म्हणून आमची बाजू मांडतो.

आमची हरकत अ‍ॅम्प्लिफायरला नव्हती, त्याच्या पॉवर सप्लायमधल्या कंडेन्सरला होती. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे त्याला संधारित्र म्हणत. मराठी पुस्तकात तो धारित्र. हा कंडेन्सर कबाड्याकडच्या जुन्या रेडिओतला, त्यावर 350 व्होल्ट छापलेले. ट्रान्सफॉर्मर 250-0-250 चा. मुलाचा हिशेब असा की 250 ला 350 पुष्कळ झाले. चूक इथेच झाली. 250 हा एसीचा आरएमएस आकडा आहे. कंडेन्सर भरतो तो शिखरापर्यंत, म्हणजे 250 गुणिले 1.414, सुमारे 353 व्होल्ट. लाइन 230 ची 253 झाली, की तेच 389 होतात. शिवाय डायोड लावले तर बटण दाबताच पूर्ण दाब येतो, पण व्हॉल्व्ह तापून करंट ओढायला काही सेकंद लागतात. तोवर दाब चढलेलाच राहतो. म्हणून इथे 450 व्होल्टचाच हवा, आणि नवाच हवा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून राहिला, की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, करंट गळतो, कंडेन्सर तापतो आणि फुटूही शकतो.

दुसरा मोह मोठ्या मायक्रोफॅरडचा. त्याने 100 हर्ट्झची घरघर कमी होते, हे खरे. पण डायोडऐवजी रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर त्याला मर्यादा असते. ईझेड 81 साठी पहिला कंडेन्सर 50 मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. त्यापेक्षा 47 चा एक, मग चोक, मग 47 चा दुसरा, अशी रचना बरी.

सर्वांत महत्त्वाचे हे, की प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहू शकतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. त्या अ‍ॅम्प्लिफायरला खालचे झाकण नव्हते, कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टरही नव्हता, आणि टेबलाभोवती पाचवी-सहावीची मुले उभी होती. 220 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर समांतर लावला, की वरचे दोन्ही कंडेन्सर दोनेक मिनिटांत उतरतात. काही रुपयांचीच वस्तू आहे. तरीही मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नये.

"आमच्या वेळी एवढे कोण बघत होते?" असे एक पालक म्हणाले. बघत नव्हते, हे खरे. पण ते काही चांगले नव्हते.

चूक आमचीही आहे. प्रदर्शनाच्या दिवशी थांबवण्याऐवजी आठवडाभर आधी पाहणी करायला हवी होती. पुढच्या वर्षी ती होईल. विश्वस्त मंडळास विनंती, की अशा प्रकल्पांसाठी नवे कंडेन्सर प्रयोगशाळेच्या खर्चातून द्यावेत. सुरक्षिततेचा खर्च मुलांच्या खाऊच्या पैशांतून व्हावा, हे आम्हाला पटत नाही.

त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले आहे, की अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून आण. पहिले गाणे आम्हीच ऐकू.

— प्राचार्य