डाव मांडण्याआधी

खेळाचे नियम ही काय भाषांतर करण्याजोगी वस्तू आहे, असे कोणीही विचारील. भाषांतर व्हावे ते कवितेचे, नाटकाचे, फार तर एखाद्या गाजलेल्या भाषणाचे. सापशिडीच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. गेल्या दिवाळीपर्यंत माझेही हेच मत होते. आज माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. भाषांतर करणाऱ्याची खरी परीक्षा कवितेत नाही, नियमांत आहे. कवितेचा अनुवाद फसला तर वाचक जांभई देतो आणि पान उलटतो. नियमाचा अनुवाद फसला तर डाव मोडतो, आणि कोणाचे तरी नुकसान होते.

हे शहाणपण मला सुचले ते एका घरगुती प्रसंगातून. माझे मामा इंडोनेशियातील बांडुंग शहरी कापडगिरणीत नोकरीला आहेत. त्यांची मुलगी तेरा वर्षांची. घरी मराठी आणि शाळेत इंडोनेशियन, अशी तिची दुहेरी वहिवाट. दिवाळीत ती बेळगावला आली तेव्हा आजीने तिला चौकाबारा शिकवला. शहाबादी फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या, एवढीच सामग्री. पोरीला खेळाचे वेड लागले. परत गेल्यावर तिने शेजारच्या मैत्रिणींना तो शिकवला, आणि आठवड्याभरात भांडणे सुरू झाली. तिचा फोन आला, "ताई, आजीला विचारून नियम लिहून पाठव. मी त्याचे इंडोनेशियन करून भिंतीला चिकटवते."

मी म्हटले, हे काय, अर्ध्या तासाचे काम! प्रत्यक्षात त्याला पंधरा दिवस लागले.

पहिलीच ठेच अशी लागली. आजी म्हणाली, "सोंगटी मारली की परत दान टाकायचं." मी तसेच लिहून पाठवले. तिकडून प्रश्न आला, "टाकायचं म्हणजे बोलेह की हारुस?" इंडोनेशियन भाषेत 'बोलेह' म्हणजे मुभा आहे आणि 'हारुस' म्हणजे भाग आहे. यांतले एक निवडल्याखेरीज वाक्य पुरे होईना. मी आजीला विचारले. आजी म्हणाली, "अगं, टाकायचं म्हणजे टाकायचं!"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. समजा, तुमची एकच सोंगटी पटावर उरली आहे आणि ती फुलीच्या घरात सुखरूप बसली आहे. मारण्याबद्दल मिळालेले दान टाकणे भाग असेल, तर तिला घर सोडून उघड्यावर यावे लागेल आणि मागून येणारा तिला मारील. मुभा असेल, तर तुम्ही हात आखडून स्वस्थ बसाल. एका शब्दावर डाव फिरतो. आमच्या घरात तीन पिढ्या हा खेळ चालला, पण 'टाकायचं' या शब्दाच्या पोटात दोन निरनिराळे नियम दडले आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्याला जे सोयीचे त्याने ते धरले, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरले.

शेवटी हा गुंता सोडवला आमच्या शेजारच्या अज्जींनी. त्या कन्नड बोलणाऱ्या. त्यांच्याकडे याच खेळाला 'कट्टे मने' म्हणतात. त्यांना विचारताच त्या ताडकन म्हणाल्या, "मत्ते हाकबेकु." कन्नडमध्ये 'बेकु' म्हणजे पाहिजेच, आणि मुभा असती तर त्या 'बहुदु' म्हणाल्या असत्या. त्यांच्या भाषेने नियम स्वच्छ धरून ठेवला होता. आजीनेही मान डोलावली, "हो, तसंच ते." मी लिहिले, 'टाकलेच पाहिजे', आणि बांडुंगच्या भिंतीवर 'हारुस' लागले. मराठीला हे सांगता येत नाही असे मुळीच नाही. 'टाकता येईल' आणि 'टाकलेच पाहिजे' हे दोन्ही आपल्याजवळ आहेत. पण कोणी अडवून विचारल्याशिवाय आपण त्यांतले एक निवडत नाही.

नकाराचीही तीच गत. 'फुलीच्या घरातली सोंगटी मारायची नाही' असे मी लिहिले होते. याचा अर्थ मारण्यास मनाई, की मारण्याची सक्ती नाही? इंडोनेशियनमध्ये 'तिदाक बोलेह' म्हणजे मनाई आणि 'तिदाक हारुस' म्हणजे सक्ती नाही. दोन्हींत 'नाही' आहे, पण पहिल्याने दार बंद होते आणि दुसऱ्याने ते उघडे राहते.

मग शब्दांनी चकवायला सुरुवात केली. आपण कवड्यांच्या पडण्याला 'दान' म्हणतो. इंडोनेशियनमध्ये 'दाना' म्हणजे निधी. मोनोपॉली या खेळाच्या तिकडच्या संचात सार्वजनिक निधीच्या पत्त्यांना 'दाना उमुम' म्हणतात. त्यामुळे 'चार पडल्यास आणखी एक दान' हे वाचून मैत्रिणींना वाटले, पैसे मिळणार! पटावरच्या 'घरा'ला बहिणीने आधी 'रुमाह' म्हणजे राहते घर असा शब्द घातला. मोनोपॉली खेळलेल्या मुली विचारू लागल्या, हे घर बांधायला किती पैसे पडतात? मग तिने 'पेताक' शब्द घेतला. तो पटावरच्या चौकोनालाही चालतो आणि भाताच्या खाचरालाही. याउलट कवडीचे उताणे पडणे आणि पालथे पडणे ही मला फार अवघड वाटणारी जोडी तिने क्षणात सोडवली. उताणेला 'तलेन्तांग' आणि पालथ्याला 'तलुंकुप'. इंग्रजीत हेच सांगायला मला एक सबंध वाक्य खर्चावे लागले असते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तिने मोनोपॉलीचे शब्द सांगितले तेव्हा मला वहीच उघडल्यासारखे वाटले. तिथे नफा म्हणजे 'लाबा', दंड म्हणजे 'दन्दा', तुरुंग म्हणजे 'पन्जारा'. आपले लाभ, दंड आणि पंजर समुद्र ओलांडून तिकडे शेकडो वर्षांपूर्वीच पोचले आहेत. भाडे म्हणजे 'सेवा', हे ऐकून तर घरमालकांनाही हसू येईल! पण याच ओळखीच्या शब्दांपासून सावध राहावे लागते. 'वाजिब' हा अरबी शब्द आपल्याकडे 'वाजवी' होऊन आला, आणि त्याचा अर्थ रास्त, योग्य असा झाला. तिकडे 'वाजिब' म्हणजे सक्तीचे. तोंडवळा एक, स्वभाव निराळा.

आणखी एक गोष्ट मला लागली. मी लिहिले होते, 'ज्याने सोंगटी मारली तो पुन्हा दान टाकील.' बहीण म्हणाली, "ताई, आम्ही चौघी मुलीच खेळतो. हा 'तो' कोण?" इंडोनेशियनमध्ये तो आणि ती या दोघांनाही 'दिया' हा एकच शब्द. तिला काहीच अडचण नव्हती, अडचण माझ्या मराठीत होती. लहानपणापासून मी असले नियम वाचत आले, पण त्यांतला 'तो' आपण नव्हे असे मला कधी टोचले नव्हते. मी वाक्य बदलले, 'सोंगटी मारल्यास पुन्हा दान टाकलेच पाहिजे.' भाषांतरासाठी लिहिताना मूळ सुधारते ते असे.

आता कोणी म्हणेल, पोरांच्या खेळाचे एवढे काय? तर ऐका. मी लहान असताना आमच्या वाड्यात एकाकडे 'व्यापार'चा संच होता. त्याचा नियमांचा कागद इंग्रजीत. वाड्यात इंग्रजी शाळेत जाणारा एकच मुलगा, तोच कागद वाचायचा. गंमत अशी की प्रत्येक अडचणीचा निकाल त्याच्याच बाजूने लागायचा! आम्ही मराठी शाळेतली पोरे आणि पलीकडची कन्नड शाळेतली पोरे, दोघेही गप्प. भाषेवरून आमची आपापसांत कितीही भांडणे असोत, त्या कागदापुढे आम्ही सारखेच अडाणी होतो.

तो मुलगा पुढे कुठे गेला ठाऊक नाही, पण तो कागद मला पुन्हा भेटला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. सूचना फक्त इंग्रजीत होत्या. एका वाक्याचा आशय असा होता की उत्पन्नाचा मूळ दाखला मागवला जाऊ शकेल, आणि मागवल्यास पंधरा दिवसांत दिलाच पाहिजे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्यातले 'शकेल' मी धरले आणि 'दिलाच पाहिजे' सोडले. पत्र आले तेव्हा सावकाश दिले तरी चालेल असे समजून महिना घालवला. अर्ज बाद झाला, आणि त्या वर्षीची फी बाबांनी सोसायटीचे कर्ज काढून भरली. चूक माझी होती, हे मी नाकारत नाही. पण तिकडे तेरा वर्षांची पोर जो प्रश्न विचारते, 'बोलेह की हारुस?', तो विचारायला मला एकाही शाळेने शिकवले नाही, ही चूक कोणाची?

भारतीय करार अधिनियम, १८७२ आपण सर्वजण पाठ करतो. त्याचे कलम १३ संमतीची व्याख्या करते. दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाल्या, तर ती संमती. मी हे कलम परीक्षेत दोनदा लिहिले, पण समजले ते चौकाबाऱ्याच्या निमित्ताने. डावाला बसणे हाही एक करारच. चौघींनी 'टाकायचं' चार अर्थांनी घेतले, तर संमती कुठे झाली? आणि नियम ज्या भाषेत आहेत ती भाषाच एका पक्षाला नीट येत नसेल, तर त्याची सही ही सही की नुसता अंगठा?

इंडोनेशियाने या बाबतीत एक गोष्ट कायद्यात घातली आहे. तिथल्या १९९९ च्या ८ व्या क्रमांकाच्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ८ अन्वये, नियमांप्रमाणे आवश्यक असताना इंडोनेशियन भाषेत माहिती किंवा वापराच्या सूचना न देता माल विकण्यास मनाई आहे. 'तिदाक बोलेह'च म्हणा ना! वस्तू घेणाऱ्याला तिचा वापर त्याला समजेल अशा भाषेत कळला पाहिजे, हे तत्त्व मला पटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. भाषा अनेक असतील तर नियम किती भाषांत छापायचे? त्यापेक्षा एकच इंग्रजी बरी, ती कोणाचीच नाही. इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत. तिथल्या तरुणांनी २८ ऑक्टोबर १९२८ रोजी ऐक्याची भाषा म्हणून इंडोनेशियनची शपथ घेतली, तेव्हा सर्वांत मोठ्या समाजाची जावानी भाषा त्यांनी पुढे केली नाही. बंदरांतून आणि बाजारांतून वापरात असलेल्या मलय भाषेवर ती उभी केली. माझ्या बहिणीच्या मैत्रिणींपैकी एकीच्या घरी सुंदानी बोलतात, दुसरीच्या घरी जावानी, हिच्या घरी मराठी. भिंतीवरचा कागद मात्र तिघींनाही वाचता येतो. मथितार्थ हा की सामाईक भाषा ती, जी डावाला बसलेल्या प्रत्येकाला कळते. इंग्रजी आपल्या गावात अजून तशी झालेली नाही, आणि होईपर्यंत आपल्याला दोन कागद छापणे भाग आहे.

दोन भाषांत छापले तर अर्थात फरक पडेल, अशी भीती काहीजण दाखवतात. माझा अनुभव असा की फरक आधीपासूनच असतो, भाषांतर करताना तो फक्त उघडा पडतो. डाव ऐन रंगात आल्यावर उघडा पडण्यापेक्षा आधी पडलेला बरा.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. ते दरवर्षी पाठीला पाठ लावून छापले जातात, आणि एका विभागाचे लोक दुसऱ्याची पाने क्वचितच उलटतात. दोन्ही विभागांच्या मुलामुलींनी मिळून दरवर्षी एकच काम करावे. ग्रंथालयाचे नियम, परीक्षेच्या सूचना किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज, यांपैकी एक कागद घ्यावा, आणि दोन्ही भाषांत उतरवून एकाच पानावर शेजारी शेजारी छापावा. 'शकेल' कुठे आणि 'पाहिजे' कुठे, यावर खुशाल वाद घालावा. प्राध्यापकांनी तो तपासावा. कथा-कवितांचे अनुवाद जरूर चालू द्यावेत. पण पुढच्या वर्षी पहिल्या वर्गात येणाऱ्या एखाद्या मुलीची फी त्या एका पानाने वाचेल.

जाता जाता शेवटची हकीकत. आमच्या कागदाचे पहिले वाक्य आजीने सांगितले होते, 'आम्ही हा खेळ असा खेळतो.' इंडोनेशियनमध्ये, मराठीसारखेच, ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' म्हणायला एक शब्द आहे, 'कामी'. आणि त्याला सामील करून 'आपण' म्हणायला दुसरा, 'किता'. कन्नडमध्ये दोन्हींना 'नावु' पुरतो. बहिणीने विचारले, "ताई, कामी लिहू की किता?" मी आजीकडे पाहिले. शेजारच्या अज्जीही तिथेच बसल्या होत्या, कवड्या चोळत. आजी म्हणाली, "आपण लिही. खेळायला बसल्यावर कुठलं आम्ही?"

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)