विभागाचा सर्व्हर कुणाच्या बापाचा?

विद्यापीठाच्या बऱ्याच विभागांत संगणक कक्षात एक जुना सर्व्हर असतो, किंवा विभागाच्या नावाने उघडलेला गूगल ड्राइव्ह असतो. त्यावर एक शेअर्ड फोल्डर असते. त्यात मागच्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका असतात, प्राध्यापकांच्या टिपणांच्या पीडीएफ असतात, स्कॅन केलेली प्रकरणे, जुन्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध, मंजूर झालेले पीएच.डी.चे प्रस्ताव, पाहणीचा डेटा, एसपीएसएसच्या फाइली असतात. हे सगळे जनतेच्या पैशातून उभे राहिलेले असते. मग या फोल्डरचा पासवर्ड नोटीस बोर्डावर का लागत नाही? तो 'सरांच्या जवळच्या' चार-पाच मुलांकडेच का असतो?

मित्रांनो, आपल्या भाषेत ॲक्सेसलाही प्रवेश म्हणतात आणि ॲडमिशनलाही प्रवेशच म्हणतात. आपल्या पोराला पहिला प्रवेश मिळतो, दुसरा मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दोन्ही प्रवेश एकाच दिवशी मिळाले पाहिजेत. ओळखपत्र हातात पडते त्याच दिवशी फोल्डर उघडले पाहिजे. त्यासाठी कुणाच्या केबिनबाहेर उभे राहावे लागता कामा नये.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीला जात कशाला चिकटवता? त्यांनी महाडचा इतिहास नीट वाचावा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सरकारी पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण एकही अस्पृश्य पाणी पिऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोहोचला. त्यानंतरही कोर्टात दहा वर्षे गेली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली.

आजही कागदावर सगळे खुले आहे. 'विभागाची संसाधने सर्व विद्यार्थ्यांसाठी आहेत' या वाक्याला कुठलाही विभागप्रमुख नाही म्हणणार नाही. फरक असा की तळ्यावर नकार देणारा माणूस समोर दिसत होता. इथे नकार कुणीच देत नाही. तुम्ही 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चे बटण दाबता, फोल्डरच्या मालकाला ईमेल जातो, पुढे काहीच होत नाही. सर्व्हरवर 'ॲक्सेस डिनाइड' एवढी एक ओळ येते. त्या ओळीला आडनाव नसते, आणि नकार कुठे लिहिलेलाही नसतो. मग तक्रार करायची कुणाविरुद्ध?

मी समाजशास्त्रात एम.ए. करत असताना आमच्या वर्गात काही जणांच्या उत्तरांत असे संदर्भ यायचे की आम्ही वसतिगृहातली मुले थक्क व्हायचो. हे कधी वाचतात, कुठे वाचतात? पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर एका मैत्रिणीकडून कळले, की ही सगळी टिपणे एका फोल्डरमध्ये आहेत आणि ते फोल्डर दरवर्षी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे 'जाते'. ते जाते कसे, तर ओळखीने. कुणाचे वडील प्राध्यापक, कुणी सरांच्या घरी चहाला जाणारे, कुणी इंग्रजीत सहज बोलणारे. कुणीही उठून 'महारा-मांगांच्या पोरांना देऊ नका' असे म्हटले नव्हते. तसे म्हणायची गरजच पडत नाही. बोर्द्यू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो ते आम्हाला परीक्षेत लिहायला सांगितले होते. त्याचे प्रात्यक्षिक शेजारच्या बाकावर चालू होते.

आणि निकाल लागला की हेच लोक 'गुणवत्ता' शब्द काढतात. ज्याच्यापाशी पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना प्रस्ताव आहेत, आणि ज्याच्यापाशी फक्त ग्रंथालयाचे कार्ड आहे, त्या दोघांच्या गुणांतला फरक नक्की कशाचा फरक आहे?

आता तांत्रिक बाजू, कारण 'सिस्टिममध्ये तसे होत नाही' या वाक्यावर आपली मुले गप्प बसतात. विंडोजच्या सर्व्हरवर फोल्डरला दोन कुलुपे असतात. एक शेअरची परवानगी, दुसरी एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात, आणि त्यातली जी कडक असेल ती चालते. म्हणून कधीकधी 'दिलाय की ॲक्सेस' म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याने एकच कुलूप काढलेले असते. परवानगी एकेका माणसाला देत बसावे लागत नाही, ती गटाला देता येते. 'एम.ए. भाग १' असा गट करायचा, प्रवेश यादीतली खाती त्यात टाकायची आणि गटाला फक्त वाचण्याची परवानगी द्यायची. (गटात नाव घातल्यावर एकदा लॉग आउट करून परत लॉग इन करावे लागते, नाहीतर फोल्डर उघडत नाही. एवढ्या कारणावरून मुलांना आठवडाभर फिरवलेले मी पाहिले आहे.) खाती आधीच तयार असतील तर हे काम एका दुपारचे आहे. ते दोन-दोन वर्षे होत नसेल, तर अडचण सर्व्हरमध्ये नाही.

असे फोल्डर सहसा कॅम्पसच्या नेटवर्कवरच उघडते, बाहेरून व्हीपीएन लागतो. वसतिगृह न मिळाल्याने शहराच्या टोकाला खोली घेऊन राहणारा, दिवसा डिलिव्हरीचे काम करणारा मुलगा सायंकाळी संगणक कक्षाला कुलूप लागल्यावर मोकळा होतो. त्याला व्हीपीएनचे खाते द्या. ते प्राध्यापकांना मिळते ना?

याला उत्तर म्हणून तीन-चार गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. मुले फाइली डिलीट करतील, व्हायरस आणतील. फक्त वाचण्याची परवानगी असेल तर डिलीट करता येत नाही, आणि संसर्ग झालेल्या संगणकालाही त्या परवानगीने सर्व्हरवरच्या फाइली बदलता येत नाहीत. मुले आळशी होतील, म्हणे. मग तुमची 'जवळची' मुले आळशी का झाली नाहीत? कॉपीराइटचा मुद्दा थोडा वजनदार आहे, पण त्यावर निकाल झालेला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. दिल्ली हायकोर्टाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. शिकवण्याच्या ओघात अभ्यासक्रमापुरत्या मजकुराच्या प्रती काढणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, असे सांगितले. अपिलातही हे मूळ तत्त्व टिकले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. अख्खी पुस्तके फोल्डरमध्ये ओतायची मोकळीक यातून मिळत नाही, हे खरे. पण प्रश्नपत्रिका, वाचन-याद्या, विभागाची स्वतःची टिपणे यांच्यावर कुठल्या परदेशी कंपनीचा हक्क आहे?

गोपनीयतेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तो आपल्याच बाजूचा आहे. विभागांच्या सर्व्हरवर पाहणीचा जो डेटा पडलेला असतो तो कुणाचा असतो? आपल्या वस्त्यांचा. सफाई कामगारांच्या मुलाखती, अत्याचार झालेल्या बायांचे जबाब, घरटी उत्पन्न, जात, पोटजात, काही वेळा फोन नंबरसुद्धा. आमच्या आयाबहिणी मुलाखत देतात तेव्हा त्यांना 'तुमचे नाव कुठे येणार नाही' असे सांगितले जाते. आणि ती एक्सेल फाइल नावानिशी अशा फोल्डरमध्ये राहते की ज्याला 'एव्हरीवन' म्हणजे येईल त्या प्रत्येकाला परवानगी आहे! म्हणजे ज्या प्रश्नपत्रिका उघड्या असायला हव्यात त्यांना कुलूप, आणि ज्या जबाबांना कुलूप हवे ते उघड्यावर. त्या वस्तीला स्वतःबद्दल काय लिहिले गेले हे कधी कळत नाही, ते वेगळेच. नावे काढून टाकलेला डेटा विद्यार्थ्यांना द्या, मूळ फाइल बंद ठेवा, आणि अहवालाची मराठी प्रत वस्तीत पोहोचवा. हे तिन्ही एकाच वेळी करता येते.

सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केले, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले. सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके मिळणार. चांगली गोष्ट आहे. पण देशाचे कोट्यवधींचे वाचन विद्यापीठाच्या दारापर्यंत आले, आणि विभागातली दोन जीबीची फाइल मात्र एका प्राध्यापकाच्या खाजगी जीमेल खात्यात अडकली, तर आपल्या मुलांचे काय? ते प्राध्यापक निवृत्त झाले की फोल्डरही त्यांच्याबरोबर घरी जाते. विभागाचे काम विभागाच्या खात्यावरच ठेवा, ही मागणी लेखी करा.

आपल्या संघटनाही शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि वसतिगृह यांच्या पलीकडे क्वचित जातात. ते लढे लागतातच. पण वर्गात बसल्यानंतर काय नाकारले जाते याकडे कोण बघणार?

कायदा आपल्या हाती आहे. विद्यापीठ माहिती अधिकार कायदा, २००५ खाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते. अर्जात मागा: विभागाच्या शेअर्ड फोल्डरच्या वापराबाबतचा लेखी नियम किंवा परिपत्रक, कोणत्या वर्गाला कोणती परवानगी आहे याची नोंद, परवानगी देण्याचे काम कोणत्या पदाकडे आहे ते, आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. सोबत, २०१२ च्या यूजीसी विनियमांनी ज्या भेदभाव-विरोधी अधिकाऱ्याची तरतूद केली, त्याच्याकडे एक प्रत द्या आणि पोच घ्या. अर्जावर एकट्याचे नाव टाकून कुणाला बळी जाऊ देऊ नका. वर्गातल्या आठ-दहा जणांनी वेगवेगळे अर्ज करा. आणि प्रवेश यादी लागली की त्याच आठवड्यात करा, कारण परीक्षेच्या आदल्या महिन्यात केलेल्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत पेपर संपलेले असतात.