पुरावा म्हणे तुम्हीच आणा!

माजी सैनिक बंधूंनो, वीरनारींनो आणि गावकरी मंडळींनो,

16 डिसेंबरला तालुक्याच्या गावी विजय दिवस साजरा झाला. मांडव होता, हार-तुरे होते, लाउडस्पीकरवर गाणी होती आणि सत्काराची एक यादी होती. ज्याच्या डिस्चार्ज बुकात 1971च्या लढाईच्या पदकाची नोंद, त्याचंच नाव यादीत. पूर्वेच्या आघाडीवर लढलेला, आता पंचाहत्तरी ओलांडलेला आपला एक जवान छातीवर पूर्वी स्टार लावून पहिल्या रांगेत येऊन बसला. कोणीतरी त्याचं डिस्चार्ज बुक मागून घेतलं, पदकांचं पान काढलं. पान कोरं. ‘बाबा, नोंद नाही, हे काढून ठेवा,’ असं त्याला चारचौघांत सांगितलं गेलं. त्याने पिन काढली, पदक खिशात टाकलं आणि एसटी धरून घर गाठलं. तो कोण, कुठला, हे इथे छापणार नाही. त्याला आणखी तमाशा नको आहे.

हे वाचून तुमचं रक्त तापलं असेल, तेव्हा त्यावर अधिक शाई खर्च करत नाही. मांडवातल्या माणसांवरही नाही. हातात यादी दिली की ती वाचणारी माणसं ती. हे पत्रक आहे एका रिवाजाविरुद्ध. नोंद करायचं काम फौजेच्या ऑफिसचं, ती राहिली ऑफिसकडून, कागद ऑफिसच्या ताब्यात. आणि जवान दुरुस्ती मागायला गेला की उत्तर एकच: ‘पुरावा आणा.’

नोंद राहते कशी, हे आधी समजून घ्या. मी पलटणीच्या ऑफिसात कारकुनी केली आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. फौजेत जवानाचं लग्न, मूल, बढती, शिक्षा, सगळं पार्ट टू ऑर्डरमधून जातं. ऑर्डर निघाली तर ती गोष्ट घडली. नाही निघाली तर तुम्ही बोहल्यावर चढलात तरी कागदोपत्री ब्रह्मचारी. पदकाचंही तसंच. आता तारखा बघा. लढाई संपली डिसेंबर 1971 मध्ये. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल सुरू झाली 1973 साली. मधल्या काळात जो जखमी होऊन इस्पितळात गेला, ज्याची बदली झाली, जो मुदत संपून घरी आला, त्याचं नाव पलटणीच्या हजेरीवर उरलंच नव्हतं. कारकून समोरच्या हजेरीवरून ऑर्डर काढतो. जो समोर नाही, तो राहतो. म्हणजे गोळी खाऊन आधी बाहेर पडलेल्याचंच पान कोरं राहायची शक्यता जास्त! यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे मी मान्य करतो. चूक साधी होती आणि तेव्हाच एका टिपणाने सुधारली असती.

दुष्टपणा पुढे आहे. फौजेच्या नियमावलीत 595 क्रमांकाचं कलम आहे. त्याप्रमाणे पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, पेन्शनवाल्याचे 50 वर्षांनी. लाँग रोल, म्हणजे जवानांची मूळ नोंदवही, तेवढा कायम राहतो. आता हिशोब करा. 1976 साली विनापेन्शन घरी आलेल्याचे कागद 2001 साली संपले. त्याच साली पेन्शनीवर आलेल्याची पन्नास वर्षं 2026 मध्ये भरतात. कागद नष्ट करण्याआधी ‘तुमच्या नोंदी एकदा तपासून घ्या’ असं साधं पोस्टकार्ड घरी आलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. येतं ते उत्तर, तेही नंतर, आपण अर्ज केला की. त्या उत्तराचा मथितार्थ असा: आपले कागद नियमानुसार नष्ट केले आहेत, सबब पदकाचा पुरावा आपण सादर करावा. तलाठ्याने स्वतःच्या हाताने दप्तर जाळावं आणि शेतकऱ्याला दटावावं, की सातबारा आण नाहीतर जमीन तुझी नाही, तशातली ही गत. आणि खाली सही-शिक्का असतो, बरं का. हे लिहिताना एकालाही हसू फुटत नाही, इतकी सवय झाली आहे.

बरं, पुरावा खरोखरच नाही का? त्या डिस्चार्ज बुकाची पानं उलटा. पहिल्याच पानांवर भरतीची तारीख आहे, सुट्टी झाल्याची तारीख आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी नोकरीत असलेल्या प्रत्येकासाठी होतं. समजा, 1968 साली भरती, 1976 साली घरी. 1972 या दोन सालांच्या मध्ये येतं की नाही? चौथीतलं पोर सांगेल. तरी पदकांचं पान कोरं, आणि तेच पुस्तक हातात धरून ऑफिसातला साहेब म्हणतो, पुरावा आणा! नऊ वर्षांच्या सेवेचं पदक घ्या. एका तारखेतून दुसरी वजा केली की काम झालं. लढाईच्या पदकांसाठी फार तर एक पायरी जास्त. कुठली पलटण कुठल्या आघाडीवर होती, हे काही गुपित नाही. पलटणीच्या युद्धदैनंदिनीत ते आहे, छापील इतिहासांतसुद्धा आहे. जवान त्या तारखांना त्या पलटणीच्या नावावर होता का, एवढंच पाहायचं. हे टेबलावर बसून होतं. त्यासाठी पंचाहत्तरीच्या माणसाने गुडघे धरत बेळगावचं नाहीतर मध्य प्रदेशातल्या सागरचं रेकॉर्ड ऑफिस गाठायची, जोडीदार फौजी शोधून त्यांचं शपथपत्र आणायची गरज काय? जोडीदार बहुतेक सगळे वर गेले. वरून शपथपत्र आणायची सोय अजून झालेली नाही.

अमेरिकेचं कौतुक करायची मला हौस नाही. पण हे एक सांगितलंच पाहिजे. 12 जुलै 1973 रोजी तिथल्या सेंट लुईस शहरात सैनिकांच्या अभिलेखागाराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली जळाल्या. तिथलं सरकार पगारपत्रकांतून, इस्पितळांच्या दप्तरांतून त्या नोंदी आजही जुळवून देतं, आणि राहिलेलं पदक सेवेच्या दाखल्यात चढवण्यासाठी वेगळा दुरुस्तीचा फॉर्म आहे. तिथेही हेलपाटे आहेत, उशीर आहे. पण तिथे कागद आगीने गेले. आपल्याकडे नियमाने गेले, आणि दोष मात्र जवानाच्या माथी.

आता काही शहाण्यांचे प्रश्न.

‘आता या वयात पदक घेऊन काय करणार? त्याचे पैसे तर मिळत नाहीत.’ नाहीच मिळत. सेवापदकाला एक रुपयाही जोडलेला नाही. म्हणून तर हा अर्ज सगळ्यात स्वच्छ आहे. यात कोणी तिजोरीला हात घालत नाही. आणि हे विचारणाऱ्याच्या दिवाणखान्यात जरा डोकवा. क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाची, गणेश मंडळाची, वाढदिवसाच्या सत्काराची प्लॅस्टिकची स्मृतिचिन्हं भिंतभर लावलेली असतात. त्यांचं काय करणार, हे त्याला कोणी विचारत नाही.

‘बाजारात मिळतात की, घ्यायचं आणि लावायचं.’ मिळतात. मूळ पदकं वेळेवर न आल्याने नोकरीतले जवानसुद्धा बाजारातली नक्कल लावतात, हे वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. पण खरं पदक एकदा बोटांत धरून त्याची कड उजेडात फिरवा. कडेवर बारीक अक्षरांत जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसेल. दुकानातल्या पदकाची कड गुळगुळीत असते. आमचा झगडा त्या कडेसाठी आहे. धातू आम्हालाही विकत घेता येतो.

‘खोटे दावेदार येतील.’ येतील ना! खोटे सगळीकडेच आहेत, पोशाख शिवून मिरवणारेही आहेत. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. खोटा माणूस कधी रिकाम्या हाताने येत नाही; त्याच्याकडे फाईल असते, शिफारशी असतात, मोठ्यांबरोबरचे फोटो असतात. रिकाम्या हाताने येतो तो खरा, कारण आपण लढलो हे आपल्यालाच सिद्ध करावं लागेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ‘पुरावा आणा’ या चाळणीतून खोटा अलगद पार होतो आणि खरा अडकतो. खोट्याला पकडायचं असेल तर लाँग रोल उघडा. तो तुमच्याच कपाटात आहे.

आणि सगळ्यात संतापजनक प्रश्न: ‘इतकी वर्षं झोपला होतात का?’ साहेब, ते पुस्तक इंग्रजीत होतं आणि आमचे बरेच जण चौथी-सातवी शिकलेले. सुट्टी होताना सांगितलं तिथे सही केली, ट्रंक उचलली, गाडी पकडली. शिवाय दाद मागायची कुठे? सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा 2007चा, काम सुरू झालं 2009 साली. 1976 साली घरी आलेल्याला अशी खास जागा मिळायला 33 वर्षं लागली. आणि जागा झाली तर दारावर पाटी: अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत या, नाहीतर उशिराची कारणं द्या. सरकारची 33 वर्षं माफ. जवानाने मात्र सातव्या महिन्याचा जाब द्यायचा!

2020च्या डिसेंबरात विजयाच्या पन्नाशीसाठी दिल्लीत चार मशाली पेटवल्या आणि देशाच्या चारी दिशांना नेल्या. मशालींबद्दल तक्रार नाही. त्या दौऱ्यात एखादा कारकून आणि एक लॅपटॉप बरोबर दिला असता, तर गावोगावची कोरी पानं तिथल्या तिथे टिपता आली असती, एवढंच म्हणतो.

मागणी एका वाक्याची आहे. पुराव्याचं ओझं उलटं करा: लाँग रोल आणि पलटणींच्या तारखा ताडून ऑफिसने स्वतः हक्कदारांच्या याद्या काढाव्यात, त्या जिल्ह्याजिल्ह्यांत लावाव्यात, आणि ज्याला नाकारायचं त्याच्या नाकारण्याचा पुरावा ऑफिसनेच द्यावा. आणि तोवर 595 कलमाखाली एकही फाईल नष्ट करू नये.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडा. येताना आपलं किंवा घरातल्या दिवंगत फौजीचं डिस्चार्ज बुक आणा. पदकांचं पान आणि तारखांचं पान अशा दोन-दोन झेरॉक्स काढू. अर्ज भरून द्यायला मी आणि आणखी दोघे निवृत्त हवालदार क्लार्क बसणार आहोत, चहा सोडून काही घेणार नाही. मूळ पुस्तक मात्र कोणाच्याही हातात सोडू नका, आमच्यासुद्धा. टपाल रजिस्टर करा आणि पोच जपून ठेवा.