"साहेब, बोर्ड गेलाय"

वॉशिंग मशीन बंद पडलं की माणूस येतो, दोन बटणं दाबतो, मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, बोर्ड गेलाय." मल्टिमीटर पिशवीतच असतो, मागचं झाकण उघडलेलं नसतं. मंडळी, ऑफिसात कोणी लॉग न बघता "सर्व्हर बदला" म्हणालं तर आपण त्याला काय काय ऐकवू? घरी मात्र निमूट पैसे मोजतो.

माझं मत सरळ आहे. पार्ट बसवायचं काम खुशाल दुसऱ्याला द्या, निदान मात्र स्वतः करा. निदान करणारा आणि पार्ट विकणारा एकच असला की महागातलाच पार्ट बिघडलेला निघतो. त्यासाठी तो माणूस लबाड असायला हवा असंही नाही. पुढचा कॉल गाठायचा असला की अख्खा बोर्ड बदलणं त्यालाही सोपं.

आता कार्बन ब्रशचंच बघा. पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच जुन्या फ्रंट लोड मशीनमध्ये ब्रशवाली मोटर असते. ब्रश म्हणजे कार्बनच्या दोन छोट्या कांड्या. त्या फिरत्या भागावर घासत राहतात आणि पेन्सिलीसारख्या झिजतात. झिजण्यासाठीच केलेल्या असतात त्या! आधी ड्रम मधूनच थांबतो, मग ठिणग्या, जळका वास, आणि एक दिवस ड्रम हलतच नाही. पण पाणी भरतंय, उपसलंही जातंय? म्हणजे बोर्ड पूर्ण मेलेला नाही. मोटर चालवणारा त्याचा भाग जळलेला असू शकतो, पण आधी ब्रश काढून बघायला काय हरकत आहे? झिजले असतील तर दोन्ही एकदमच बदलायचे. (मशीनवर 'डायरेक्ट ड्राइव्ह' लिहिलेलं असेल तर त्यात ब्रशच नसतात. तरी कोणी ब्रश बदलायला सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.)

पाणी गरम होत नाही? शाळेतलं सूत्र आठवा: २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर म्हणजे साधारण २६ ओहम. प्लग काढा, हीटरच्या वायरी सोडवा, मोजा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटलाय. सेमी-ऑटोमॅटिकची मोटर नुसती गुणगुणते, आणि खाली काही अडकलेलं नाही? संशय आधी कपॅसिटरवर. त्याला मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. ते काम जाणत्याचंच.

युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून मॉडेल बंद झाल्यावरही किमान १० वर्षं ठरावीक सुटे भाग पुरवावे लागतात. गंमत म्हणजे दाराचं रबर सामान्य ग्राहकालाही मिळायलाच हवं, मोटरच्या ब्रशची सक्ती मात्र फक्त व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांपुरती. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. छान. पण मला मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवलेला वायरिंगचा नकाशा हवाय.

असो. साताऱ्याला आईबाबांना दोनच गोष्टी सांगून ठेवल्यात: दुरुस्तीवाला यायच्या आधी मला व्हिडिओ कॉल करा, आणि काढलेला जुना पार्ट त्याला नेऊ देऊ नका.