पाण्याला दाबही असतो

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, म्हैसमाळ एवढे सारे एका खुलताबाद तालुक्यात असताना चाकांवरची घरे इकडे वळणार, हे उघड आहे. त्यांना जागा, वीज, पाणी द्यावे, यावर कोणाचे दुमत नाही. पण पाणी किती, याचा हिशेब करणारे आपण ते किती दाबाने, हे विचारतच नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असली, की बंद नळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब येतो. खुलताबाद डोंगरावर, वेरूळ घाटाखाली. समजा, टाकी साठ मीटर उंच आहे. दाब झाला सहा किलो. गाडीतले प्लास्टिकचे नळ आणि खड्ड्यांनी खिळखिळे झालेले सांधे यांना तीन किलोच्या आसपास दाब पुरे. वाढला, तर सांधा फुटतो तो भिंतीआड, विजेच्या तारांशेजारी. म्हणून प्रेशर रेग्युलेटर बसवायचा तो गाडीशी नव्हे, नळाशी. म्हणजे मधली रबरी नळीही वाचते.

पण रेग्युलेटर दाब उतरवतो, चढवत नाही. आपल्याकडे पाणी येते ते तासांच्या हिशेबाने. ते बंद झाले, की रिकामी वाहिनी उलटे ओढू लागते. नळीचे टोक पाण्यात बुडालेले असेल, तर गाडीतले पाणी गावाच्या नळात! तेव्हा गाडीची टाकी वरून, नळीचे टोक पाण्याला न टेकवता भरावी आणि पुढचे काम गाडीच्या पंपावर सोपवावे. मधली मोकळी हवा हाच उत्तम पहारेकरी.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर खुलताबादेतच चिरविश्रांती घेत आहे. त्याने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली. तिच्या मार्गावर मनोरे आहेत. पाणी मनोऱ्यात चढते, वर मोकळे होते, कोंडलेली हवा सोडते आणि पुढे उतरते. दाबाला मनोऱ्याच्या उंचीची मर्यादा आपोआप पडते.

त्याच शहरात जायकवाडीच्या जुन्या वाहिन्या फुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या. २०२० मध्ये पायाभरणी झालेल्या नव्या योजनेची मुख्य वाहिनी २५०० मिलिमीटर व्यासाची. बोलबाला व्यासाचा आणि कोटींचा. पण गल्लीतल्या जुन्या नळाशी दाब किती असेल, हे नागरिकाला कोण सांगणार?

कॅरव्हॅन तळाच्या प्रत्येक नळाशी दाबाचे गेज लावावे, एवढी साधी अट शासनाने घालावी. पाहुण्याच्या गाडीसाठी लागलेले गेज उद्या गावकऱ्याच्या नळाचाही हिशेब मागू लागले, तर बिघडले कुठे?