वेबपानांचे मथळे आणि संगणकशिक्षण

लोणंदच्या बाजारात कांद्याची प्रतवारी होते ती मुख्यतः आकार पाहून. मोठा कांदा वेगळा, मध्यम वेगळा, गोलटी वेगळी. त्याच लोणंदला आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून मुक्कामी येते, तेव्हा निराळ्याच प्रकारची व्यवस्था पाहावयास मिळते. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना क्रमांक असतात; परंतु दिंडीत वारकरी किती, यावरून तो क्रमांक ठरत नाही. चालण्याच्या क्रमात त्या दिंडीचे स्थान कोणते, एवढेच तो सांगतो. एचटीएमएल शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला मथळ्यांचे टॅग समजावून देताना हा भेद सर्वप्रथम ध्यानात आणून द्यावयास हवा. पुष्कळ वर्गांतून तो दिला जात नाही, आणि त्याचे परिणाम वर्गापुरते मर्यादित राहत नाहीत.

एचटीएमएलमध्ये एच१ पासून एच६ पर्यंत मथळ्यांचे सहा टॅग आहेत. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ही भाषा सिद्ध केली. १९९१ मधील तिच्या पहिल्या टिपणातही हे सहा मथळे होते. त्यांचा हेतू मजकुराची मांडणी सांगण्याचा आहे. एच१ म्हणजे संपूर्ण पानाचा विषय, एच२ म्हणजे त्यातील प्रकरण, एच३ म्हणजे त्या प्रकरणातील पोटभाग. दिंड्या एकामागून एक चालतात, तर मथळे एकाच्या पोटात एक असतात. दाखल्याची मर्यादा एवढीच. अक्षर मोठे असावे की लहान, तांबडे की निळे, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यासाठी सीएसएस ही वेगळी भाषा डिसेंबर १९९६ पासून प्रमाणित झालेली आहे.

वर्गात मात्र बहुधा असे घडते की, शिक्षक सहाही टॅग एकाखाली एक लिहून दाखवितात, पडद्यावर अक्षरे उतरत्या आकारात उमटतात आणि विद्यार्थी वहीत टिपून घेतो: एच१ म्हणजे मोठे अक्षर, एच६ म्हणजे लहान. मग तो पुढे मुख्य मथळ्यासाठी एच४ वापरतो, कारण तो आकार त्याच्या डोळ्यांस बरा वाटतो. किंवा मथळ्याचा टॅगच टाळून साध्या परिच्छेदातील अक्षरे ठळक व मोठी करतो. पाहणाऱ्याला पान नीटनेटके दिसते. गुणही मिळतात.

या चुकीची किंमत मोजतो तो वेगळाच माणूस. दृष्टिहीन वाचक संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकतो. मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा त्यांपैकी एक असून तो विनामूल्य मिळतो. त्यात एच ही कळ दाबली की वाचक पुढच्या मथळ्यावर जातो. १ ते ६ या कळांनी त्या त्या पातळीचा मथळा गाठतो. अमेरिकेतील वेबएम या संस्थेने २०२१ मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी केली. लांबलचक पानावर हवी ती माहिती शोधताना प्रथम मथळ्यांचा आधार घेतो, असे त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांनी सांगितले. नोकरभरतीच्या लांब जाहिरातीत अर्जाची अखेरची तारीख शोधणाऱ्या दृष्टिहीन उमेदवारापुढे टॅगाविना रंगविलेले मथळे आले, तर त्याला सारी जाहिरात पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते. डोळस वाचकाचे काम मात्र एका दृष्टिक्षेपात होते.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. सांडपाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्याचा खर्च वाचतो आणि तो खालच्या गावांना भरावा लागतो. पान लिहिणाऱ्याने दोन मिनिटे वाचविली की त्याची भरपाई प्रत्येक दृष्टिहीन वाचक, प्रत्येक वेळी, आपल्या वेळेतून करतो. अशा ठिकाणी बाजार आपोआप दुरुस्ती करीत नाही. कायदा आणि शिक्षण यांनाच ती करावी लागते. कायदा आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील माहिती दिव्यांगांना सुलभ असण्याची जबाबदारी शासनावर टाकली. परंतु पान लिहिणाऱ्या हाताला मथळा म्हणजे काय हेच शिकविलेले नसेल, तर कायदा कागदावरच राहणार.

नवशिक्या मुलांना आधी रंग आणि मोठी अक्षरे दाखविली तरच गोडी लागते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि गोडीसाठी चुकीची सवय लावणे हा महागडा व्यवहार आहे. एकदा हातात बसलेली सवय पुढील शेकडो पानांतून उमटत राहते. शिवाय मांडणी आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला रंग काही दुर्मिळ होत नाहीत. सीएसएसच्या तासाला तो एच२ चे सारे मथळे एका ओळीत निळे करू शकतो. हा आनंद कमी नव्हे.

म्हणून पहिला तास संगणकाविना घ्यावा. लोणंद परिसरातील विद्यार्थ्यापुढे कांद्यावरील एखादे माहितीपत्रक ठेवावे आणि त्याचे मथळे काढावयास सांगावे. ‘कांदा पीक’ हा एच१; ‘लागवड’, ‘काढणी’, ‘साठवण’ हे एच२; साठवणीखाली ‘चाळीची रचना’ आणि ‘हवा खेळती ठेवणे’ हे एच३. नंतर केवळ मथळे क्रमाने वाचावेत. त्यांतून नीट अनुक्रमणिका उभी राहिली तर मांडणी बरोबर. एच२ वरून एकदम एच४ वर उडी पडली तर मधला धागा तुटला आहे हे विद्यार्थ्यालाच कळेल. मराठीच्या तासाला निबंधाचे मुद्दे काढावयास शिकविले जाते तेच हे कौशल्य आहे, आणि भाषेच्या शिक्षकांनाही येथे वाटा उचलता येईल. दुसऱ्या तासाला पान तयार झाल्यावर पडदा झाकावा, एनव्हीडीए सुरू करावा आणि विद्यार्थ्याला आपले पान केवळ कानांनी शोधावयास लावावे. स्वतःचाच मथळा सापडत नाही, हा अनुभव दहा सूचनांहून अधिक शिकवून जाईल.

माहिती तंत्रज्ञान विषयाच्या प्रात्यक्षिकात पान दिसते कसे यासाठी गुण असतीलच. ते ऐकू कसे येते यासाठीही काही गुण राखून ठेवावेत. विद्यार्थी ज्याला गुण असतात ते शिकतो, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे.