रेडिएटरला बोअरचे पाणी नको

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम संपला की आपल्यापैकी बरेच जण ट्रक भाड्याला लावतात. कल्याणला माल उतरवायचा आणि परतीचे ओझे घेऊन मुरबाडहून माळशेज, नाहीतर शहापूरहून कसारा घाट चढायचा. वैशाखाच्या उन्हात इंजिन तापते, गाडी घाटात उभी राहते आणि बोलणी खातो ड्रायव्हर! आमच्या मते दोष मालकाचा. कूलंटचा डबा दिलाच नाही, तर तो बिचारा मिळेल ते पाणी ओतणार. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षारांचा थर बसतो, पुढे लायनरही खराब होतात. पाण्याला पैसे कशाला, म्हणणारे मग इंजिन उतरवतात.

कूलंटमधले ग्लायकॉल पाणी लवकर उकळू देत नाही, इतर रसायने गंज रोखतात. साधारण निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रणात मात्र पाणी घालूच नये. गाडीच्या पुस्तकातल्या मुदतीला जुने काढून, आतून धुऊन नवे भरावे. रंग सारखा म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणी उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. आणि काढलेले कूलंट गोठ्याजवळ ठेवू नका. चवीला गोड, पण विष आहे; कुत्री-वासरे चाटतात.